कृपा नको, कायदा हवा

पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २२ एप्रिल २०२५ रोजी दहशतवाद्यांनी २६ निरपराध जीवांची हत्या केली. नाव विचारून, धर्म विचारून गोळ्या घातल्या गेल्या, हे प्राण वाचलेल्या स्त्रियांनी साऱ्या देशाला सांगितले. पर्यटकांच्या मदतीला धावलेला एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही तेथेच मारला गेला. मृतांमध्ये महाराष्ट्रातील सहा जण होते. डोंबिवली, पनवेल आणि पुणे येथील त्यांच्या घरांवर त्या दुपारी आकाश कोसळले.

त्यानंतरच्या आठवड्यात साहाय्याच्या घोषणा झाल्या. जम्मू-काश्मीर शासनाने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये जाहीर केले. त्यात ज्याच्या त्याच्या राज्याने आपापली भर घातली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सहा कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख रुपये देण्याचा निर्णय घेतला आणि शिक्षण व रोजगाराकडेही लक्ष पुरविण्याचे ठरविले. ओडिशाने आपल्या राज्यातील मृताच्या कुटुंबासाठी २० लाख, तर कर्नाटकाने १० लाख रुपये घोषित केले. एकच कुरण, एकच वेळ, एकच मारेकरी आणि मरणाचे कारणही एकच. असे असताना एका विधवेला तिच्या राज्याने दिले त्याच्या पाचवा हिस्सा दुसरीला तिच्या राज्याने द्यावा, याला आधार कोणता? मारणाऱ्यांनी कुणाचे राज्य विचारले नव्हते. ते विचारले भरपाई देणाऱ्यांनी!

महाराष्ट्राने दिलेले ५० लाख कुणाच्याही डोळ्यांत खुपण्याचे कारण नाही. घरातील कर्ता पुरुष डोळ्यांदेखत गमावलेल्या कुटुंबाला ती रक्कम मुळीच जास्त नाही. प्रश्न वेगळाच आहे. जे पहलगामच्या मृतांना मिळाले ते झवेरी बाजारच्या मृतांना का मिळाले नाही? जे डोंबिवलीच्या घराला मिळते ते गडचिरोलीतील भामरागडच्या झोपडीला का मिळत नाही? उत्तर सरळ आहे आणि लाजिरवाणेही आहे. आपल्या देशात दहशतवादाच्या बळींना मिळणारे साहाय्य हे कायद्याने ठरत नाही. घटना किती गाजली, वाहिन्यांनी ती किती दिवस दाखविली, निवडणूक किती जवळ होती आणि त्या वेळी सत्तेवर असलेल्या मंत्र्याचे मन किती द्रवले, यावर ते ठरते.

शासकीय मराठीत या रकमेला नाव आहे ‘सानुग्रह अनुदान’. हा शब्दच सारे काही सांगून जातो. अनुग्रह म्हणजे कृपा. देवाचा अनुग्रह होतो, गुरूचा होतो. तो मागता येतो, त्यावर हक्क सांगता येत नाही. झाला तर हात जोडायचे, न झाला तर नशिबाला बोल लावायचा. ज्या नागरिकाच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे पहिले कर्तव्य, ते कर्तव्य पार पाडण्यात राज्यसंस्था उणी पडल्यावर तिने त्याच्या अनाथ मुलांवर ‘कृपा’ करावी, हा न्याय कोणत्या नीतिशास्त्रात बसतो?

मुंबईचेच उदाहरण घ्यावे. या महानगरात मरण कोठे आले, यावर मरणोत्तर न्याय अवलंबून असतो. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत ११ मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे प्राणास मुकली. हे मरण रेल्वेत आले. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ नुसार गाडीत वा स्थानकाच्या आवारात दहशतवादी कृत्याला बळी पडलेल्या प्रवाशाच्या वारसांना भरपाई मागण्याचा कायदेशीर अधिकार आहे. त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे आणि रक्कमही नियमाने ठरलेली आहे. मात्र या अधिकारालाही गंज कसा चढतो, ते पाहण्यासारखे आहे. मृत्यूबद्दलची ही रक्कम नोव्हेंबर १९९७ मध्ये चार लाख रुपये झाली ती २०१६ संपेपर्यंत चार लाखच राहिली. १ जानेवारी २०१७ पासून ती आठ लाख झाली. मधल्या १९ वर्षांत धान्य, औषधे, शाळेचे शुल्क आणि घरभाडे यांचे काय झाले, हे मंत्रालयातील बाबूंनाही ठाऊक असणारच.

हा अधिकारही प्रवाशाचाच. वैध तिकीट, पास वा फलाट तिकीट घेतलेला तो प्रवासी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गावी जाणाऱ्या गाडीची वाट पाहत गाठोड्यांवर बसलेली माणसे कसाब आणि त्याच्या साथीदाराने टिपली. त्यांच्या रक्ताने भिजलेली तिकिटे कुणी शोधायची होती? तिकीट सापडले नाही एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये स्पष्ट करावे लागले. ते स्पष्ट करावे लागले, यातच पीडितांच्या वाट्याला काय येत होते याचे उत्तर आहे.

आता स्थानकाबाहेर यावे. झवेरी बाजाराने १९९३, २००३ आणि २०११ अशा तीन वेळा स्फोट पाहिले. तेथे मेलेला कारागीर, हमाल वा गिऱ्हाईक रेल्वेचा प्रवासी नव्हता, म्हणून त्याला रेल्वे कायद्याचा आधार नाही. तोच माणूस त्याच रस्त्यावर बसखाली सापडून मेला असता, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्याचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे विचारात घेऊन भरपाई ठरविली असती आणि तीवर व्याजही लावले असते. चालकाच्या निष्काळजीपणाने आलेल्या मरणाला या देशात हिशेबाचे पक्के सूत्र आहे. शत्रूने योजून आणलेल्या मरणाला मात्र केवळ मंत्र्याची घोषणा आहे! याहून विचित्र गोष्ट पुढेच आहे. अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यानंतर विमा कंपन्या धास्तावल्या, तेव्हा एप्रिल २००२ मध्ये आपल्याकडे दहशतवादी हल्ल्यातील मालमत्तेच्या हानीसाठी विमा कंपन्यांचा सामायिक निधी उभा राहिला आणि त्याची व्यवस्था जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनकडे आली. इमारतींसाठी इतकी दूरदृष्टी दाखविणाऱ्या व्यवस्थेला त्या इमारतींत वावरणाऱ्या माणसांसाठी असे काही सुचले नाही.

केंद्र शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दहशतवादी, जातीय आणि नक्षलवादी हिंसाचाराला बळी पडलेल्या नागरिकांसाठी गृह मंत्रालयाची योजना १ एप्रिल २००८ पासून लागू झाली. मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास तीन लाख रुपये, ही मूळ रक्कम. ऑगस्ट २०१६ मध्ये ती पाच लाख झाली आणि सीमेपलीकडून होणारा गोळीबार व भूसुरुंग यांचे बळीही योजनेत आले. रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायची आणि तिचे व्याज कुटुंबाला द्यायचे, ही त्यातील पद्धत विचारपूर्वक ठरविलेली आहे. एकरकमी पैसा आप्तांच्या आणि सावकारांच्या हाती जाऊ नये, हा तिचा हेतू. बळी कोणत्या प्रकारच्या हिंसेचा, यावरून वेदनेची प्रतवारी न करणारी ही मांडणी योग्यच म्हटली पाहिजे.

पण योजना म्हणजे कायदा नव्हे. तिच्यात तारखेची एक रेषा आहे. त्या रेषेच्या अलीकडे मेलेला पात्र, पलीकडे मेलेला अपात्र. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत मारले गेलेले २५७ जण पलीकडचे, २००६ च्या उपनगरी गाड्यांतले पलीकडचे, १९९० च्या आगेमागे काश्मीर खोऱ्यात वेचून मारलेले पंडितही पलीकडचेच. आणि पाच लाखांच्या मुदत ठेवीचे व्याज महिन्याकाठी किती येते? दोन शाळकरी मुले आणि वृद्ध सासू-सासरे यांचा भार असलेल्या विधवेने त्यात महिना कसा काढायचा, याचा हिशेब योजना आखणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या घरी मांडून पाहावा. जखमींची स्थिती तर आणखी केविलवाणी. कायमचे अपंगत्व ५० टक्क्यांहून कमी भरले की केंद्राच्या योजनेचे दार बंद. कानाचे पडदे फाटलेला, शरीरात छर्रे घेऊन वावरणारा, गर्दी पाहताच थरथरणारा माणूस कोणत्या टक्केवारीत मोजायचा?

काश्मीरमध्ये दहशतवाद्यांनी मारलेल्या नागरिकाच्या वारसाला शासकीय नोकरी देण्याचा नियम १९९४ पासून होता. तरीही शेकडो कुटुंबे त्या नियमाच्या लाभापासून वंचित राहिली. १३ जुलै २०२५ रोजी बारामुल्ला येथे नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी अशा ४० कुटुंबांतील वारसांना नियुक्तिपत्रे दिली, तेव्हा काही घरांची प्रतीक्षा दशकांची झाली होती. दहशतवाद्याविरुद्ध तक्रार नोंदविण्याचेही ज्यांना धैर्य नव्हते, त्यांच्याकडे व्यवस्था कागद मागत राहिली. नियम पुस्तकात असणे आणि न्याय पदरात पडणे यांत केवढे अंतर असते, हे त्या ४० घरांना विचारावे.

आपल्या गडचिरोलीतही हेच. ‘पोलिसांचा खबऱ्या’ असा शिक्का मारून नक्षलवाद्यांनी आजवर कित्येक वनवासी बांधवांना घरातून ओढून नेऊन मारले. त्यांच्या मरणाला ना कॅमेरा, ना मेणबत्ती मोर्चा. राज्यात २००५ पासून नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना आहे. केंद्राच्या धोरणातही शरण आलेल्यास ठोक रक्कम, तीन वर्षांपर्यंत मासिक विद्यावेतन आणि व्यवसाय प्रशिक्षण आहे. या योजनेला विरोध करण्याचे कारण नाही. तिने अनेक बंदुका खाली ठेवल्या गेल्या आणि अनेक तरुण समाजात परतले. पण ज्याने बंदूक खाली ठेवली त्याच्या पुनर्वसनाचा दरमहा विचार करणारे शासन त्या बंदुकीने पोरक्या झालेल्या मुलांचाही दरमहा विचार का करीत नाही? मारणाऱ्याला पुनर्वसन आणि मेलेल्याच्या घराला अनुदान, ही विषमता वनवासी समाजाला दिसत नाही, असे कुणी समजू नये.

खटल्यांच्या निकालांनी या प्रश्नाला आणखी एक धार आणली आहे. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यातील बाराही जणांची शिक्षा रद्द करून त्यांना निर्दोष ठरविले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असा आदेश दिला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात सातही आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. मालेगावच्या खटल्याभोवती जे राजकारण खेळले गेले त्याची चर्चा १७ वर्षे झाली. त्या स्फोटात मेलेल्या सहा जणांच्या घरांची चर्चा किती जणांनी केली? विशेष न्यायालयाने निकाल देताना त्या सहा कुटुंबांना प्रत्येकी दोन लाख आणि जखमींना ५० हजार रुपये देण्याचा आदेश दिला. म्हणजे २००८ मध्ये फुटलेल्या बॉम्बच्या जखमेवरील या भरपाईसाठी न्यायालयाला २०२५ मध्ये शासनाला सांगावे लागले!

या दोन्ही निकालांतून निघणारा धडा एकच आहे. गुन्हेगार कोण, हे ठरण्यास दशके लागतात. कधी ते ठरतच नाही. गुन्हेगार ठरला नाही म्हणून मेलेला माणूस जिवंत होत नाही. त्यामुळे पीडिताचा अधिकार हल्ल्याच्या दिवशीच सिद्ध झाला पाहिजे. आरोपपत्र, खटला, निकाल आणि अपील यांच्या फेऱ्यात त्याला बांधून ठेवणे म्हणजे तपास यंत्रणेच्या अपयशाची शिक्षा विधवेला देणे होय. त्याचप्रमाणे मालेगावचा मृत आणि बैसरनचा मृत यांच्यात न्यायाने भेद करता कामा नये. भरपाईच्या अर्जात धर्माचा रकाना असू नये, तुष्टीकरणासाठी नको आणि त्याच्या विरोधासाठीही नको.

राज्यसंस्थेचे हे दायित्व पाश्चात्त्यांकडून उसने आणलेले आहे, असे मात्र कुणी समजू नये. चोरीस गेलेले धन राजाला परत मिळविता आले नाही, तर त्याने ते स्वतःच्या कोशातून प्रजाजनांस भरून द्यावे, असा दंडक कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे आणि याज्ञवल्क्यस्मृतीतही चोरीच्या धनाचा भार राजावरच टाकला आहे. कर कशासाठी घ्यायचा? रक्षणासाठी. रक्षण झाले नाही, तर राजा प्रजेचा ऋणी. कामावर असताना मृत्यू पावलेल्या सेवकाच्या बायकामुलांना अन्न व वेतन द्यावे, असेही कौटिल्य सांगतो. धनाच्या चोरीबद्दल ज्या परंपरेने राजाला ऋणी ठरविले, त्या परंपरेच्या वारसदारांनी प्राणांच्या चोरीबद्दल अनुग्रहाची भाषा करावी, हे शोभणारे नाही. आधुनिक न्यायालयांनीही हेच तत्त्व घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातून काढले. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीत बेपत्ता झालेल्यांच्या वारसांना दोन लाख रुपये आणि त्यावर जानेवारी १९९९ पासून नऊ टक्के व्याज द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला, तो शासन कायदा व सुव्यवस्था राखण्यात अपयशी ठरले म्हणूनच. हेच तत्त्व दहशतवादाच्या बळींना का लागू नसावे?

जगातील दहशतवादग्रस्त देशांनी ही वाट केव्हाच शोधली. इस्रायलने १९७० च्या कायद्याने शत्रूच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नागरिकांच्या कुटुंबांना राष्ट्रीय विमा संस्थेमार्फत निवृत्तिवेतन देण्यास प्रारंभ केला. आघाडीवर मेलेला सैनिक आणि बसमध्ये मेलेला नागरिक हे दोघेही राष्ट्रावरील एकाच आक्रमणाचे बळी, ही त्यामागील भूमिका. फ्रान्सने १९८६ च्या कायद्याने स्वतंत्र निधी उभारला आणि मालमत्तेच्या प्रत्येक विमापत्रावर अल्पशी पट्टी बसवून त्याची तजवीज केली. सरकारी तिजोरीवर भार पडेल, या आक्षेपाला यातच उत्तर आहे. अमेरिकेने २००१ च्या हल्ल्यानंतर मृतांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात भरपाई दिली. परंतु तो निधी ज्यांनी चालविला त्या केनेथ फाइनबर्ग यांनीच पुढे असे मत मांडले की, पुन्हा अशी वेळ आली तर सर्वांना समान रक्कम द्यावी. दलालाच्या आणि सफाई कामगाराच्या जिवाची वेगळी किंमत करताना त्यांना जे अनुभवास आले, ते आपण निमूटपणे शिकून घेण्यासारखे आहे.

संसदेने करावयाचा कायदा यातूनच आकार घेऊ शकतो. देशभर एकच किमान रक्कम असावी आणि ती दरवर्षी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढावी. राज्यांना त्यावर भर घालावयाची असल्यास जरूर घालावी. परंतु त्याखाली कुणीही जाऊ नये. विधवेला व वृद्ध मातापित्यांना निवृत्तिवेतन, मुलांना पदवीपर्यंतचे शिक्षण आणि जखमींना आयुष्यभर औषधोपचार मिळावेत. ठरलेल्या मुदतीत रक्कम न दिल्यास शासनाने व्याज भरावे. वारस दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि पंचनामा हे कागद गोळा करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याच्या कार्यालयाने करावे. शोकात बुडालेल्या माणसाने तहसील ते मंत्रालय खेटे घालू नयेत. आणि तारखेची रेषा पुसून जुन्या हल्ल्यांतील हयात वारसांनाही या कायद्याच्या छायेत घ्यावे.

पैसा कोठून येणार, हे विचारणाऱ्यांना एक उत्तर आपल्या कोकणातच मिळेल. १९९३ च्या स्फोटांचा सूत्रधार दाऊद इब्राहिम याच्या मालमत्ता केंद्र शासनाने जप्त केल्या. मुंबईतील तीन मालमत्तांच्या २०१७ मधील लिलावातून ११ कोटींहून अधिक रुपये आले. रत्नागिरी जिल्ह्यातील मुंबके गावच्या त्याच्या कुटुंबाच्या जमिनीही पुढे लिलावात निघाल्या. हे पैसे सरकारी तिजोरीत जमा झाले. ज्या २५७ कुटुंबांचे रक्त त्या मालमत्तेवर सांडले, त्यांचा त्यावर पहिला हक्क नव्हता काय? दहशतवाद्यांच्या जप्त मालमत्तेचा प्रत्येक रुपया पीडितांच्या निधीत गेला पाहिजे, अशी एक ओळ कायद्यात घालण्यास कोणत्या पक्षाचा विरोध असू शकेल?

पैशाने माणूस परत येत नाही, हे खरे. हे वाक्य बहुधा ज्यांचे कुणी गेलेले नसते तेच उच्चारतात. भरपाई ही दुःखाची किंमत नसते. राष्ट्रावर झाडलेली गोळी तुमच्या माणसाने छातीवर घेतली, याची राष्ट्राने दिलेली ती पोच असते. दहशतवाद्याचे लक्ष्य एखादा विशिष्ट बँक कर्मचारी वा भाजीविक्रेता नसतो. भारत हे त्याचे लक्ष्य असते. जो मेला तो भारताच्या ऐवजी मेला. त्याच्या पाठीमागे राहिलेल्यांना भारताने दारात तिष्ठत ठेवणे म्हणजे मारेकऱ्याचे उरलेले काम पूर्ण करणे आहे.

हल्ला झाला की राजकीय पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, समाज काही दिवस संतापतो आणि मग सारे आपापल्या कामाला लागतात. पीडिताच्या घरी मात्र त्यानंतरच खरा काळ सुरू होतो. लोकप्रतिनिधींनी पुढच्या अधिवेशनात हा विषय अशासकीय विधेयकाच्या रूपाने का होईना, मांडावा. सत्ताधाऱ्यांनी तो आपलासा करावा आणि विरोधकांनी श्रेयाचा हिशेब न करता त्याला साथ द्यावी. पुढचा हल्ला होऊ नये, ही प्रत्येकाची प्रार्थना असणारच. पण दुर्दैवाने तो झालाच, तर एकाही विधवेला मंत्र्याच्या घोषणेची वाट पाहावी लागू नये, एवढी तजवीज करणे सर्वस्वी या देशाच्या हातात आहे.